दोन बोटं डावीकडे

बुधवारी दुपारी माझी बायको मला सोडून गेली.

असं काही झालेलं नाही. ती तिच्या ताईकडे गेली आहे, चार दिवसांसाठी, आणि चार दिवस म्हणजे काही मोजून चार नव्हेत हे सगळ्यांनाच माहीत असतं. आज नववा आहे. तेव्हा पहिलं वाक्य मी मागे घेतो आणि ते कुणी वाचलेलंच नाही असं धरून पुढे जातो. खरी सुरुवात त्याच्या तीन आठवडे आधी झाली, एका सोमवारी सकाळी सव्वादहाला, तीनच भिंती असलेल्या एका दिवाणखान्यात. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा असतो, कॅमेऱ्यामागे कॅप्टन म्हणजे आमचे दिग्दर्शक, आणि कॅप्टनच्या उजव्या हाताला, पाठ नसलेल्या स्टुलावर, मी. टीव्हीवर रोज संध्याकाळी साडेसातला लागणाऱ्या एका मालिकेत मी कंटिन्युइटी बघतो. म्हणजे आधीच्या शॉटमध्ये पडदा वीतभर उघडा असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो वीतभरच उघडा राहिला पाहिजे. ग्लासातलं पाणी कुणी न पिता कमी होता कामा नये. बाई डाव्या खांद्यावर पर्स अडकवून दारातून बाहेर पडली तर जिन्यावर ती पर्स उजव्या खांद्यावर दिसू नये, मग भले त्या दोन शॉटच्या मध्ये बाई जेवून, झोपून, दुसऱ्या मालिकेत रडून आलेली का असेना. युनिटमध्ये मला इंचपट्टी म्हणतात. आधी राग यायचा. मग एकदा हजेरीपत्रकावरही तसंच छापून आलं, आणि त्यावर सही मलाच करायची होती, तेव्हा सोडून दिला.

मालिका एका नवऱ्याची आहे. तो बायकोला मुठीत ठेवतो. प्रेक्षक त्याला मालक म्हणतात. मालक ओरडत नाही, आदळआपट करत नाही; फक्त विचारतो. बायकोच्या मैत्रिणी घरी आल्या तर त्यांच्याशी इतक्या अदबीने वागतो की त्या पुन्हा फिरकत नाहीत. ही भूमिका करणारा नट मात्र अगदी लोण्यासारखा माणूस आहे. विम्याच्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याला बघून डोळे पुसतो. बाजारात एका आजींनी त्याला मालक समजून पिशवीने बडवलं, तर याने पिशवीतून सांडलेलं सगळं गोळा करून आजींना घरापर्यंत पोचवलं, आणि दारात पुन्हा मार खाल्ला.

तर त्या सोमवारी सीन साधा होता. बायको बाहेरून येते, तिला उशीर झालाय, मालक सोफ्यावर बसलाय, पुढ्यात टीपॉयवर कप. कागदावर लिहिलं होतं, ‘मालक तिच्याकडे रागाने बघतो.’ नटाने बघितलंच नाही. त्याने आधी घड्याळाकडे बघितलं. मग समोरचा कप एक बोटभर डावीकडे सरकवला. मग हसला, अगदी प्रेमाने, आणि म्हणाला, “सांग.” बस. एवढंच. मागून केस बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “अगंबाई, हे तर आपले इंचपट्टी!” आणि सगळ्या युनिटला हसू फुटलं. कॅप्टन हसता हसता “कट” म्हणाले, लाइटवाला शिडीवरून पडता पडता वाचला. मीही हसलो. हसावं लागतं, नाही हसलं तर लागलं असं दिसतं. हसता हसता वहीत लिहिलं, ‘कप, एक बोट डावीकडे’, आणि हात थांबला, कारण यातले शेवटचे तीन शब्द लिहायची त्याला सवय होती. दुपारच्या सुट्टीत मागच्या वह्या काढल्या. वर्तमानपत्र, एक बोट डावीकडे. फुलदाणी, एक बोट डावीकडे. चष्म्याचं घर, एक बोट डावीकडे. एकेचाळीस वेळा, माझ्याच अक्षरात. सहा महिने तो माणूस माझ्यासमोर मी होऊन बसत होता आणि मी त्याची नोंद ठेवत होतो. माझा त्यात दोष नाही. मी माणसांकडे बघत नाही, वस्तूंकडे बघतो. बघताना चेहरा मध्ये आला तर मान तिरकी करतो.

संध्याकाळी घरी जाताना मी मनाशी एक यादी केली. मी हात उचललेला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की दारावरच्या पाटीवर नावाखाली घालायला हरकत नाही. मी आवाज चढवत नाही. बायकोला मी नोकरी सोडायला लावलेली नाही. ती दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलाशी बसायची, मी फक्त तिला रोज घ्यायला जायचो, सुटायच्या चाळीस मिनिटं आधी, आणि बाकावर बसून राहायचो. पेशंट वाटून डॉक्टरांनी मला एकदा आत घेतलं, तेव्हा संकोचाने मी दोन दाढा भरूनही घेतल्या. तिसऱ्या दाढेच्या वेळी बायको म्हणाली, “मला या कामाचा कंटाळा आलाय.” हे तिचं वाक्य आहे. मी घरातून निघताना स्वयंपाकघराचा, कपाटाचा आणि बाहेरच्या खोलीचा मोबाइलवर फोटो काढतो, हे खरं आहे, पण ती कामाची सवय; सुतारही घरी आला की टेबल हलवून बघतोच की. संध्याकाळी फोटो आणि खोली ताडून बघतो. साखरेचा डबा पुढे आलेला असतो. खुर्ची खिडकीकडे वळलेली असते. तिच्या फोनची बॅटरी सकाळी नव्वदवर असते ती वीसवर आलेली असते. मी रागावत नाही. घड्याळाकडे बघतो, हाताशी असेल ती वस्तू जराशी सरकवतो, कारण हातांना काहीतरी हवं असतं, आणि म्हणतो, “सांग.” आणि ती सांगते. खुर्ची का वळली ते सांगते. इतकं नीट, इतकं क्रमवार सांगते की मला वाटायचं, आमच्या दोघांत केवढा संवाद आहे.

ते दृश्य गुरुवारी दाखवलं जाणार होतं. आमचं सगळं तीन दिवस आधीचं असतं. तीन दिवसांनी जगाला काय दिसणार ते मला माहीत असतं, त्याचा आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. बायको ही मालिका पहिल्या भागापासून बघते, रोज, सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, पाय वर घेऊन. तिने ओळखलं असेल का, हा एकच प्रश्न तीन दिवस माझ्याबरोबर लिफ्टमधून खालीवर करत होता. आणि ओळखलं असेल तर ती काय करेल? गुरुवारी मी साडेसातच्या आधी पोचलो आणि तिच्या शेजारी बसलो. टीव्हीकडे बघायचं कारण नव्हतं, मी तिच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. दृश्य आलं. नायिका आत आली. अंगठा आत वळला. मालकाने घड्याळ बघितलं, कप सरकवला, “सांग” म्हणाला. जाहिरात लागली. आणि बायको टीव्हीवरची नजर न काढता, भाजीवाल्याचं वजन दुरुस्त करावं तशा आवाजात म्हणाली, “तो एकच बोट सरकवतो. तू दोन सरकवतोस.”

मी म्हणालो, “कोण, मालक?” ती म्हणाली, “हो.” मी म्हणालो, “टीव्हीवर दोन जास्त दिसतं.” ती म्हणाली, “हो, तेच.” मग शाम्पूची जाहिरात आम्ही दोघांनी फार लक्ष देऊन बघितली. त्यात काय होतं ते मी अजूनही क्रमाने सांगू शकतो.

म्हणजे मी एकटाच नोंदी ठेवत नव्हतो. लग्नाच्या सहा वर्षांची माझी वही तिच्याकडे होती, बोटाच्या मापासकट, आणि ती कधी उघडायची हे तिच्या हातात होतं. मी ठरवलं, बदलायचं. मी काही मालिकेतला माणूस नाही, मला चॅनलची परवानगी लागत नाही. शुक्रवारी सकाळी मी माझा चहाचा कप ओट्यावर न ठेवता मुद्दाम टीव्हीच्या फळीवर ठेवला. टॉवेल जमिनीवर टाकला. फोटो न काढता बाहेर पडलो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो, कारण छातीत कुणीतरी फर्निचर हलवत होतं, आणि फोटो काढून पुन्हा गेलो. पण संध्याकाळी तो बघितला नाही. म्हणजे एकदाच बघितला. शनिवारी मी सोफाच तिरका केला. वर्तमानपत्राची पानं घरभर ठेवली, एक फ्रिजमध्येही ठेवलं. मला वाटलं, ती हसेल. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, फ्रिजमधलं गार पान हातात धरून, आणि पायाखालची फरशी तपासत असल्यासारखी हळूच म्हणाली, “ही परीक्षा आहे का?”

“नाही गं. मोकळं राहायचं आता. कुठेही काहीही ठेवायचं.”

“कुठेही म्हणजे कुठे?”

“कुठेही.”

“तू सांग ना कुठे,” ती म्हणाली. “मी तिथे ठेवते.”

त्या पंधरवड्यात तिचं वजन कमी झालं. पूर्वी तिला नियम ठाऊक होते. आता नियम नाहीत हा नियम होता, आणि तो कधी मोडला जाईल हे तिला कळेना. सोफा तिरका ठेवायचा तर किती तिरका, म्हणून तिने फरशीवर खडूने खुणा केल्या. मी त्या बघितल्या तेव्हा माझ्या मनात आधी आलं, व्वा, किती नीट. आणि ते आल्याचं कळल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ बसलो.

हे असं का, याचा विचार मी केला नाही असं नाही. चॅनलनेही केला होता. सातेक महिन्यांपूर्वी चॅनलच्या साहेबांनी बैठक बोलावली होती, की मालक असा का आहे, प्रेक्षकांना कारण द्या. आमच्या लेखिकेने दारुडा बाप आणला, बापाच्या हातात पट्टा दिला. त्या पट्ट्याचं बक्कल कुठल्या बाजूला ते मी लिहून घेतलं. त्या बैठकीत मी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी का कोण जाणे म्हणालो, माझ्या ओळखीतला एक जण आहे. तो आठ वर्षांचा असताना शाळेतून घरी आला तर दार नुसतं लोटलेलं, घरात कुणी नाही, आणि आईचा चष्मा खिडकीच्या कट्ट्यावर. आई चष्म्याशिवाय दोन पावलं चालत नसे. तो दप्तर पाठीवर तसंच ठेवून संध्याकाळपर्यंत चष्म्याकडे बघत बसला. चष्मा हलला नाही तर सगळं ठीक आहे, असं त्याने ठरवलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग? आई गेली?” “नाही. दिवेलागणीला आली. शेजारच्या काकूंना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं होतं.” “मग?” “मग काही नाही. तिने चष्मा घातला आणि दिवा लावला.” साहेब लेखिकेकडे बघून म्हणाले, “एवढ्याशाने कोण मालक होतं का? पट्टाच ठेवा.” बरोबर आहे त्यांचं. मलाही ते कारण तोकडंच वाटतं. इतक्याशा चष्म्यावर सहा वर्षं कुणाला कसं बसवून ठेवता येईल? माझे वडील तर इतके साधे होते की दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून लग्नाला जायचे. पट्टा असता तर निदान दाखवता आला असता.

मग तो रविवार आला. चॅनलने ठरवलं होतं की नायिकेने आता घर सोडायचं, बुधवारचा भाग. शॉट एकच: नायिका पर्स घेते, मालकाकडे न बघता दाराकडे जाते, दार उघडते, जाते. बुधवारी साडेसातला ही बाई उघड्या दारातून जाणार आणि माझी बायको पाय वर घेऊन ते बघणार. मी स्टुलावर बसलो होतो. पहिला टेक झाला. मी हात वर केला. “कॅप्टन, आधीच्या सीनला पर्सची चेन बंद होती.” दुसरा टेक. “केसांची बट कानामागे होती.” तिसऱ्याला पडदा, चौथ्याला सावली, पाचव्याला दाराची कडी. कडी आधीच्या सीनमध्ये दिसलेलीच नव्हती, हे मला माहीत होतं. सोळा वर्षांत मी खोटी नोंद केली नव्हती. आता सटासट करत होतो, आणि सगळे ऐकत होते, कारण इंचपट्टी चुकत नाही. अकराव्या टेकला नायिका दारातच बसली. “अहो, अकरा वेळा सोडला मी याला! खऱ्या आयुष्यात इतक्यांदा सोडला असता तर मूर्ती बसवली असती माझी. आता तरी जाऊ द्या मला.” कॅप्टन माझ्याकडे बघत राहिले. “इंचपट्टी, घरी सगळं ठीक ना?” मी म्हणालो, “घरी सगळं जागच्या जागी आहे.” त्यांनी पहिला टेक ठेवला.

सामान आवरताना नट जवळ आला. त्याच्या हातात दोन कप चहा होते. “रागावलायस,” तो म्हणाला. “चूक माझीच. आधी विचारायला हवं होतं.”

“नाही हो दादा. रागावतो कशाला? कलाकाराने कुठूनही उचलावं.”

“मला ना, तो माणूस कळतच नव्हता. पट्टाबिट्टा सगळं करून बघितलं. खोटं वाटायचं. मग एकदा तू सेटवर कुणीतरी हलवलेली फुलदाणी बघत होतास. मला वाटलं होतं तू चिडला असशील. पण तू घाबरला होतास. इतका घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता. मग मी राग काढून टाकला आणि नुसती भीती ठेवली. त्या दिवसापासून बाया रस्त्यात मारायला लागल्या.” त्याने चहाचा घोट घेतला. “आणि सगळं काही तुझ्याकडून नाही. ‘सांग’ वहिनींनी दिलं.”

सहा महिन्यांपूर्वी शंभर भाग झाले तेव्हा युनिटची मेजवानी होती. बायको आणि नट गच्चीच्या कठड्याशी बोलत उभे होते, अकरा मिनिटं. घरी आल्यावर मी विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, ‘मालक घरी कसा वागत असेल असं तो विचारत होता.’ मी पोट धरून हसलो होतो.

“मी सहज विचारलं,” नट म्हणाला. “त्या सांगत गेल्या. कप, घड्याळ, फोटो. एकही शब्द वाकडा नाही, तक्रार नाही. मला वाटलं, लेखिकेपेक्षा हुशार बाई, काय कल्पना लढवते! गाडीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.” दुसरा कप त्याने माझ्या हातात दिला. “तेव्हाच तुझ्याशी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. भूमिका चांगली होत होती रे.” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, जसं ते विम्याच्या जाहिरातीलाही येतं, त्यामुळे किती धरावं मला कळेना.

म्हणजे सहा महिने ती रोज साडेसातला जे बघत होती, तो तिने स्वतःच दिलेला जबाब होता. लाखो लोक तो ऐकत होते, मालकाला शिव्या घालत होते, आजी पिशव्या घेऊन धावत होत्या. फक्त तिच्या शेजारी बसलेला माणूस कप नीट ठेवलाय का ते बघत होता.

बुधवारी मी कॅप्टनला पोटदुखी सांगून लवकर निघालो. काय करणार होतो? टीव्हीची वायर काढणार होतो बहुधा. सहालाच पोचलो. तिने भागाची वाटही बघितली नव्हती. शेजाऱ्यांनी सांगितलं, दुपारी दोनला रिक्षा आली होती. मी आत गेलो, घड्याळाकडे बघितलं, मोबाइल काढला, सकाळचे फोटो उघडले आणि खोली ताडून बघितली. सगळं जुळत होतं. साखरेचा डबा, खुर्ची, पडदा, सोफ्याचा कोन, काही म्हणजे काही हललेलं नव्हतं. तिने फक्त तेच नेलं होतं जे माझ्या एकाही फोटोत नव्हतं, आणि माझ्या फोटोत ती कधीच नव्हती.

काल मेहुणीला फोन केला. “ती झोपलीय,” मेहुणी म्हणाली.

“सकाळी अकराला?”

“हो. काल चारला पण झोपली होती. सहा वर्षांची राहिलीय तिची, हळूहळू होईल.”

“खोलीत उजेड येतो का फार? तिला उजेडात झोप—”

“भाऊजी,” ती म्हणाली, “ती कुठल्या कुशीवर झोपलीय ते पण सांगू का? लिहून घ्या.” आणि मी पेन शोधत होतो, देवाशपथ शोधत होतो, तेवढ्यात तिने फोन ठेवला.

त्या पेनाने मग मी हे लिहिलं.

प्रति, निर्मिती व्यवस्थापक. विषय: कलाकार बदलण्याबाबत. महोदय, मालिकेतील एखादा कलाकार भूमिकेस योग्य न वाटल्यास आपले कार्यालय त्याच्या जागी दुसरा कलाकार घेते व पडद्याच्या तळाशी ‘आजपासून ही भूमिका अमुक साकारतील’ अशी पट्टी देते. घर, कपडे, नातेवाईक तेच राहतात. प्रेक्षकांना काही दिवस खटकते, नंतर सवय होते. सबब अर्जदार नम्रपणे विनंती करतो की अर्जदाराच्या राहत्या घरातील ‘पती’ या भूमिकेसाठी याच पद्धतीने नवीन व्यक्ती नेमण्यात यावी. पत्नीच्या भूमिकेत बदल करू नये. नवीन व्यक्तीला मागील भागांची माहिती देऊ नये. तिची निवड अर्जदाराच्या पत्नीने करावी, निवडीच्या वेळी अर्जदारास दुसऱ्या खोलीत बसवावे, व दरवाजा बाहेरून लावून घ्यावा, कारण अर्जदार मध्ये बोलेल. अर्जदार घराच्या चाव्या जमा करण्यास तयार आहे. भूमिकेतून मुक्त झालेल्या व्यक्तीस त्यानंतर कोठे ठेवावे, याबाबत आपल्या कार्यालयाने योग्य ती जागा निश्चित करून तसे लेखी कळवावे, ही विनंती.